'बेवड', 'ताळडी' आणि पीक-अवशेषांची प्रत

चेन्नईतील टी. नगर, म्हणजे त्यागराय नगर, ही वसाहत 1920 च्या दशकात 'लाँग टँक' या जुन्या तलावाच्या जागी वसविण्यात आली. पनगल पार्कभोवती आज साड्या-दागिन्यांची बाजारपेठ आहे; शेतीचा शब्दसंग्रह तेथे शोधूनच काढावा लागतो. त्यातील 'ताळडी' हा शब्द मराठी अभ्यासकाने थांबून पाहण्याजोगा आहे. 'ताळ्' म्हणजे देठ, धसकट. कावेरीच्या खोऱ्यात कुरुवै भात कापल्यानंतर त्या धसकटाच्या जागी येणारे दुसरे भातपीक ते ताळडी. मागील पिकाचे उरलेले अंग पुढील पिकाचे नाव होऊन बसले आहे.

मराठीत त्याच्या शेजारी 'बेवड' ठेवता येतो. हरभऱ्याचा बेवड चांगला, असे शेतकरी म्हणतो तेव्हा तो काडाच्या राशीविषयी नव्हे, तिच्या गुणाविषयी बोलत असतो. कृषिविज्ञानातील 'अवशेषांची प्रत' ही संकल्पना याच्या पुष्कळ जवळची आहे. 'अवशेष' हा पारिभाषिक शब्द मात्र भग्न वास्तूकडे ओढतो. आणि 'आच्छादन' जिवंत पीक व मेलेले काड या दोहोंना एकाच नावाने झाकतो. भाषांतरकाराची खरी अडचण येथे आहे.

प्रत ठरते ती मुख्यतः कर्ब-नत्र गुणोत्तरावर आणि लिग्निनच्या प्रमाणावर. गुणोत्तर साधारण 25:1 च्या खाली असल्यास कुजताना नत्र मोकळे होते. त्याहून बरेच वर गेल्यास सूक्ष्मजीव जमिनीतील नत्र स्वतःकडे ओढतात व पुढील पीक पिवळे पडते. कोवळा ताग पहिल्या गटातला, भाताचा पेंढा दुसऱ्या. तोच ताग जून झाला की त्याचे खोड वाखाचे होते आणि गट बदलतो. म्हणजे प्रत ही केवळ पिकाची नव्हे, कापणीच्या वेळेचीही असते. नांगरणी नसताना हे अधिकच जाणवते, कारण काड मातीत न मिसळता वर राहते व सावकाश कुजते. लवकर कुजणारे काड पोषण देते, पण जमीन लवकर उघडी टाकते.

कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर यांनी विनानांगरणी शेतीचा पुरस्कार करताना जमिनीतच राहणाऱ्या धसकटाला आणि मुळांच्या जाळ्याला महत्त्व दिले. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा भात तंत्रात गादीवाफे मोडले जात नाहीत, मुळे उपटली जात नाहीत; बी थेट टोकले जात असल्याने कोकणातला राबही जाळावा लागत नाही. (तणनाशकाचा वापर त्यात आहे, आणि फुकुओकांच्या 1975 च्या ग्रंथावर वाढलेल्या वाचकाला तो खटकतो.)

तंजावरच्या परिसरात ताळडी भात उभे असतानाच, कापणीपूर्वी सात-दहा दिवस, ओलीवर उडीद फेकला जातो. भात कापले जाते, धसकट राहते, आणि त्याच्या फटींतून उडीद वर येतो. त्यासाठी पुन्हा नांगर धरावा लागत नाही.