चाळीस हजार डॉलरच्या आत
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

लष्कराला नवं शस्त्र हवं असलं की सर्वांत आधी तयार होते ती यादी. पल्ला किती, वजन किती, किती उन्हात चालावं, किती पावसात. प्रत्येक अट कुणाला ना कुणाला महत्त्वाची वाटलेली असते. पण प्रत्येक ओळ पैसे मागते, हे लिहिताना सहसा ध्यानात येत नाही. लग्नाच्या याद्यांसारखंच आहे हे. याद्या करणारे वेगळे, बिलं भागवणारे वेगळे!

१९९१च्या आखाती युद्धात अमेरिकी हवाई दलाला एक अडचण जाणवली. लेसरच्या झोतावर नेम धरणारे बॉम्ब ढग किंवा धूर आला की आंधळे होत. साधे बॉम्ब मात्र कोठारात भरपूर होते. तेव्हा ठरलं, नवा बॉम्ब करायचाच नाही. जुन्याला मागून एक शेपटी जोडायची. तिच्यात हलणारे पंख, उपग्रहांच्या मदतीने ठिकाण ओळखणारा जीपीएस संच, आणि तो बंद पडलाच तर स्वतःच्या हालचाली मोजून वाट काढणारी यंत्रणा. हा ‘जेडॅम’.

इथे किंमत हीच एक अट होती. एका शेपटीला चाळीस हजार डॉलरपेक्षा जास्त नाही. शिवाय निम्मे बॉम्ब तरी लक्ष्यापासून १३ मीटरच्या आत पडावेत, ठरलेल्या विमानांवर ती बसावी, अशा मोजक्याच अटी अटळ मानल्या. बाकी कसं करायचं ते कंपन्यांनी ठरवावं. कामाचं वर्णन १३७ पानांवरून दोन पानांवर आलं. स्क्रूसुद्धा सरकारच ठरवणार असेल, तर बाजारात स्वस्त आणि चांगला स्क्रू मिळत असूनही कंपनीला तो वापरता येत नाही. इथे ती मोकळीक मिळाली. १९९५ साली मॅकडोनेल डग्लसला काम मिळालं, ते शेपटीमागे सुमारे अठरा हजार डॉलरला.

आपल्या ‘अर्जुन’ रणगाड्याला १९७४ साली मंजुरी मिळाली. तोफेच्या, वजनाच्या अपेक्षा वाटेत बदलत गेल्या आणि १२४ रणगाड्यांची पहिली मागणी नोंदवायला २००० साल उजाडलं. उशिराचं सगळं खापर यादीवर फोडणं अन्यायाचं होईल. पण इमारत अर्धी झाल्यावर पाया बदलायला सांगितला, तर गवंड्याला किती दोष द्यायचा?

मात्र आखूड यादीत काय राहून जातं, तेही पाहायला हवं. जेडॅम युद्धात प्रथम वापरला गेला १९९९ साली, युगोस्लाव्हियात. ७ मेच्या रात्री बी-२ विमानातून टाकलेले पाच बॉम्ब बेलग्रेडमधल्या चिनी वकिलातीवर पडले आणि तीन चिनी पत्रकार ठार झाले. लक्ष्य एक सरकारी लष्करी कार्यालय होतं, त्याची जागा नकाशावर चुकीची धरली गेली, असं अमेरिकेने सांगितलं. चीनला ते पटलं नाही. बॉम्ब दिलेल्या ठिकाणीच गेले होते. ते ठिकाण बरोबर आहे का, हे तपासणं शेपटीच्या कामात कधीच नव्हतं.