कॉम्प्युटरचा आवाज खरखरतोय? नवा स्पीकर घेण्याआधी हे तपासा

गाणं लावलं की मध्येच ‘खर्र’, ऑनलाइन मीटिंगमध्ये ‘टक टक’. आवाज असा फाटायला लागला की पहिला संशय स्पीकरवर जातो. पण बऱ्याचदा स्पीकर निर्दोष असतो. मग नवा आणून जोडला तरी खरखर तशीच राहते, पैसे मात्र जातात.

खरखर येते कुठून?

डिजिटल आवाज म्हणजे आकड्यांची रांग. सीडीच्या दर्जाच्या आवाजात प्रत्येक चॅनेलसाठी सेकंदाला ४४,१०० आकडे असतात. कॉम्प्युटर ते थोडे थोडे करून ‘बफर’ नावाच्या छोट्या साठ्यात भरतो आणि तिथून ते ठरलेल्या वेगाने उचलले जातात. गच्चीवरच्या टाकीसारखंच हे. खाली नळ चालू आहे आणि टाकी भरणं थांबलं, तर पाणी तुटतं. प्रोसेसर दुसऱ्या कामात अडकला आणि बफर वेळेत भरला नाही, की आवाजात काही मिलिसेकंदांची फट पडते. कानाला ती ‘टक’ अशी ऐकू येते. अशा फटी लागोपाठ पडल्या की झाली खरखर.

काय तपासायचं?

१. दोष कुठे आहे ते ठरवा. तोच हेडफोन किंवा स्पीकर मोबाइलला जोडून पाहा. तिथेही खरखर आली तर दोष त्याच्यातच आहे. वायर हलवल्यावर आवाज बदलत असेल तर वायर तुटत आली आहे किंवा जॅक सैल झाला आहे.

२. ब्लूटूथ असेल तर वायरवाला हेडफोन लावून पाहा. ब्लूटूथ आणि वाय-फायचा एक बँड दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, त्यामुळे त्यांची गर्दी होते. राउटर ५ गिगाहर्ट्झवर घेतला तर अनेकदा फरक पडतो.

३. एन्हान्समेंट बंद करा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड या क्रमाने जाऊन आपला स्पीकर निवडा आणि ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ ऑफ करा. तिथेच फॉरमॅट बदलून ४८,००० हर्ट्झ करून पाहा.

४. ड्रायव्हर बघा. लॅपटॉप किंवा मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवरूनच नवा ड्रायव्हर घ्या. त्रास अपडेटनंतर सुरू झाला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधून ‘रोल बॅक ड्रायव्हर’ करा.

५. अडवणारा शोधा. ‘लेटन्सीमॉन’ हे सॉफ्टवेअर कोणता ड्रायव्हर प्रोसेसरला जास्त वेळ अडकवून ठेवतोय ते दाखवतं. तो साउंडचाच असेल असं नाही, वाय-फाय किंवा ग्राफिक्सचाही निघतो. साधी चाचणी म्हणजे डाउनलोड केलेलं गाणं लावून पाच मिनिटं वाय-फाय बंद ठेवा. खरखर थांबली तर वाय-फायचा ड्रायव्हर बदलून बघा.

‘घूंऽऽ’ असा आवाज येतो?

ही खरखर नव्हे. चार्जर काढल्यावर ती घरघर थांबत असेल, तर कारण विजेच्या जोडणीत आहे. लॅपटॉप आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावून पाहा. पण आवाज घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका, कारण ती शॉकपासून वाचवते.

एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर तेच गाणं ऐका. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर आवाज सुधारेलही, पण कशाने ते कळणार नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.