फुटबॉलचे अर्थनियम आणि गोमंतकीय क्लबांची स्वप्ने

२२ ऑक्टोबर २०२५ रोजी फातोर्डा येथे एफसी गोवा संघ सौदी अरेबियाच्या अल नासरकडून १-२ असा निसटता पराभूत झाला. ख्रिस्तियानो रोनाल्डो या सामन्यासाठी आला नव्हता. मात्र त्याचे एकट्याचे वार्षिक मानधन एफसी गोवाच्या संपूर्ण संघाच्या वेतनखर्चाच्या कित्येक पट आहे. मैदानावर एका गोलाचे असलेले अंतर ताळेबंदात असे अफाट होते. क्लबांच्या खर्चाला लगाम घालणारे नियम आहेत. पण ते काय साधतात आणि काय साधू शकत नाहीत, हे गोव्याइतके स्पष्टपणे क्वचितच कुठे दिसते.

युरोपात खर्चाची सांगड उत्पन्नाशी घातलेली आहे. युएफाच्या नियमानुसार खेळाडू व प्रशिक्षकांचे वेतन, खेळाडूंची खरेदी आणि एजंटांचे शुल्क मिळून होणारा खर्च २०२५ पासून उत्पन्नाच्या ७० टक्क्यांपलीकडे जाऊ नये. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये तोट्याची मर्यादा ओलांडल्याबद्दल २०२३-२४ च्या हंगामात एव्हर्टन व नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचे गुण कापण्यात आले. या पद्धतीमुळे क्लब दिवाळखोरीपासून वाचतात, हे खरे. पण ज्याचे उत्पन्न मोठे, त्यालाच मोठा खर्च करण्याची मुभा मिळते आणि लहान क्लबाची महत्त्वाकांक्षा आपसूकच मर्यादित होते.

इंडियन सुपर लीगने वेगळा मार्ग निवडला. तेथे सर्व संघांसाठी वेतनखर्चाची एकच कमाल रक्कम ठरविली जाते. अनेक हंगाम ती १६.५ कोटी रुपये होती. यामुळे स्पर्धेत समतोल राहतो. परंतु ही मर्यादा उत्पन्नाशी बांधलेली नसल्याने तेवढा खर्चही क्लबाला झेपतो की नाही, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. तूट अखेर मालकाच्या खिशातूनच भरून निघते.

गोव्याला हे नवे नाही. २००६-०७ ते २०१२-१३ असे सलग सात हंगाम देशाचे विजेतेपद गोव्यातच राहिले. धेंपो, चर्चिल ब्रदर्स आणि साळगावकर यांनी ते आपसांत वाटून घेतले. या यशामागे गावोगावच्या खेळाडूंचे कसब होते, तसाच उद्योजक घराण्यांचा पैसाही होता. तिकीटविक्री वा प्रक्षेपण हक्कांतून असे क्लब स्वतःच्या पायांवर उभे राहणे शक्यच नव्हते. युएफाच्या आजच्या मापाने मोजल्यास तो सुवर्णकाळ कदाचित नियमबाह्य ठरला असता.

पुढे नियम आले, तेही प्रवेशाचे. परवान्याचे निकष पूर्ण न झाल्याने २०१४ मध्ये चर्चिल ब्रदर्सला आय-लीगबाहेर राहावे लागले. सुपर लीगला देशातील सर्वोच्च स्पर्धा करण्याची योजना २०१६ मध्ये मांडली गेली. तिच्यातील स्थान कामगिरीवर नव्हे, तर फ्रँचायझी शुल्कावर अवलंबून होते. त्याच वर्षी साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो यांनी आय-लीगमधून माघार घेतली. विजेतेपद मिळवूनही वर जाता येणार नसेल, तर खर्च कशासाठी करायचा, हा त्यामागचा साधा हिशेब होता.

आता दार किंचित उघडले आहे. २०२२-२३ पासून आय-लीग विजेत्याला फ्रँचायझी शुल्काविना बढती मिळू लागली आणि २०२४-२५ मध्ये धेंपो संघही आय-लीगमध्ये परतला. मात्र महासंघाचा २०१० चा व्यावसायिक हक्क करार २०२५ च्या डिसेंबरमध्ये संपुष्टात येत असताना नव्या कराराचा तिढा सुटला नाही आणि सुपर लीगचा हंगाम नेहमीच्या वेळी सुरूच होऊ शकला नाही. उत्पन्नाचा आधारच डळमळीत असेल, तर खर्चाची मर्यादा क्लबाला तारू शकत नाही.

युएफाच्या नियमांतील एक तरतूद येथे अनुकरणीय वाटते. युवा विकास, महिला फुटबॉल आणि मैदानांची उभारणी यांवरील खर्च तेथे तोट्याच्या हिशेबात धरला जात नाही. गोव्याच्या क्लबांची खरी ठेव गावच्या मैदानावर खेळणारी मुले हीच आहे. त्यांच्यावरील खर्चाला मोकळीक आणि विजेत्याला वर जाण्याची हमी, या दोन गोष्टी मिळाल्या तरच अर्थनियम क्लबांना जगवतील; अन्यथा त्यांच्या वह्या नीटनेटक्या राहतील आणि मैदाने ओस पडतील.