तांबडीचं दुखणं

सकाळी खुराड्याची फळी सरकवली की सगळ्यांत आधी तांबडी बाहेर उडी मारायची. पौषातल्या एका सकाळी बाकीच्या पाचजणी उतरल्या, पंख झटकले आणि उकिरड्याकडे पळाल्या. तांबडी आतच राहिली. पिसं फुगवून, मान आत ओढून, डोळे अर्धे मिटून कोपऱ्यात बसलेली. मी मूठभर कणी समोर टाकली. ती उठली, चार-दोन दाण्यांवर चोच मारली. दाणे मात्र जागचे हलले नाहीत.

खाल्ल्यासारखं करणं हे कोंबडीचं नाटक असतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मुळात हा दुसऱ्याच्या तोंडी जाणारा जीव. जी दुबळी दिसेल तिच्यावर मुंगसाची नजर आधी पडते, आणि खुराड्यातल्या सोबतिणीही तिला टोचायला कमी करत नाहीत. म्हणून दुखणं जमेल तितकं लपवायचं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं आपण म्हणतो. इथे कोंबडी स्वतःलाच झाकून घेते, आणि आपल्याला उजाडल्याचं कळतं तेव्हा तिचा अर्धा दिवस सरलेला असतो.

"नाव ठेवू नको म्हणलं हुतं मी," आत्या म्हणाल्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. उभा जन्म कोंबड्या पाळलेल्या, आणि तितक्याच कापलेल्या. त्यांचा हिशेब सरळ होता. दुपारपर्यंत बघायचं, नाहीतर सुरी लावायची. मेल्यावर काय उपयोग? मी म्हटलं, "आत्या, आधी काय झालंय ते तरी बघू या." त्यांनी माझ्याकडे बघितलं, पदर खोचला आणि तांबडीला काखेत घेतलं.

पुढच्या दहा मिनिटांत त्यांनी जे केलं, ते मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नसतं. आधी इतर पाचजणींवर नजर फिरवली. एकटी आजारी की सगळ्या, हा पहिला प्रश्न. सगळ्या मलूल असत्या, कुणी मान वाकडी करून गरगर फिरत असती, तर ती मानमोडी. डॉक्टर जिला राणीखेत म्हणतात ती. तिच्यावर औषध नाही, वेळेवर दिलेली लस एवढाच उपाय. आणि कोंबड्या पटापट मरायला लागल्या तर घरगुती उपचार करत बसायचंच नाही, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचं. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला. देशातली ती पहिली साथ. तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. ते आत्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं आणि त्या विसरल्या नव्हत्या.

मग गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपली. रात्रभरात ती रिकामी व्हायला हवी. भरलेली, घट्ट राहिली तर चारा अडकलाय. पचपचीत लागली आणि चोचीला आंबूस वास आला तर आत नासलंय. तांबडीची पिशवी रिकामी होती. पिसं उलटी फिरवून उवा पाहिल्या. तुऱ्यावर देवीचे फोड नव्हते, पण तुरा फिका पडला होता. "अंग किती तापलंय," मी म्हटलं. आत्या हसल्या. कोंबडीचं अंग ४१-४२ अंश असतंच; आपल्या हाताला ती धडधाकट असतानाही तापलेलीच लागते.

शेवटी त्यांनी शेपटीखालच्या दोन टोकदार हाडांमध्ये बोटं लावली. या हाडांत दोन-तीन बोटं मावली तर कोंबडी अंड्यावर आहे, एकच मावलं तर अंडं बंद. बाजारात तलंग घेताना जुन्या बायका अशीच पारख करतात. बोटं तिथंच थांबली. "तीन बोटं हायती. आन आत दगुड हाय बघ."

अंडं अडकलं होतं.

तालुक्याच्या दवाखान्यात टोपली घेऊन गेले तेव्हा रांगेत एक कालवड, दोन शेळ्या आणि एक कुत्रा होता. डॉक्टरांनी टोपलीत डोकावून विचारलं, "बाकीच्या किती आहेत?" या प्रश्नाचा अर्थ मला नंतर उमगला. कोंबडीचं वैद्यक कळपाचं असतं. पाचशेतल्या दोन मेल्या की त्या फाडून बघायच्या आणि उरलेल्या वाचवायच्या. तिथे रोगी म्हणजे कळप. एक कोंबडी ही नुसती खूण. एकटी, जिवंत आणि नाव असलेली कोंबडी रोगी म्हणून क्वचितच येते. डॉक्टरांनी मात्र तिला नीट तपासलं आणि एकच गोष्ट दोनदा सांगितली. दाबायचं नाही. आत अंडं फुटलं तर काचेसारखे तुकडे आतलं अस्तर कापतात आणि पोटात विष होतं. माणसाची गोळी मनाने द्यायची नाही. आणि औषध चालू असेतो तिचं अंडं खायचं नाही, तीही नाही. शेवटचं वाक्य बोलताना ते किंचित हसले.

अंडं का अडकतं, याचा हिशेब समजून घेतला तेव्हा मला तांबडीपुढे जरा लाजच वाटली. बलक सुटल्यापासून अंडं बाहेर पडेपर्यंत साधारण २५ तास लागतात. त्यातले २० एकट्या टरफलाचे. एका टरफलात दोनेक ग्रॅम कॅल्शियम जातं. रात्री पोटात दाणा नसतो, तेव्हा कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. साठा कमी पडला की टरफल पातळ होतं, आणि अंडं बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंनाही तेच कॅल्शियम लागत असल्यामुळे त्यांचा जोर सरतो. रानकोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते. आमची तांबडी आरआयआर जातीची, म्हणजे त्याच्या पंधरा-वीस पट. तिच्या अंगात हे कसब माणसाने पिढ्यान् पिढ्या निवड करून भरलेलं. रोज सकाळी मी खुराड्यात हात घालून जे ऊनऊन उचलत होते, त्याची किंमत ती हाडांतून मोजत होती, आणि मी तिला बाजारातली कणी घालत होते.

घरी आल्यावर घमेल्यात पाणी ओतलं. आत्यांनी कोपर बुडवून पाहिलं, तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाहतात तसं. तांबडीचं मागचं अंग बुडेल इतक्या पाण्यात तिला बसवलं. मला वाटलं होतं ती फडफडेल. दोन मिनिटांत तिने डोळे मिटले आणि सगळा भार माझ्या तळहातावर सोडला. पावणेदोन किलोंचं ते वजन वीस मिनिटं धरून बसताना तिच्या शेपटीची वरखाली होणारी धाप बोटांना कळत होती.

मग पंचाने टिपून टिपून कोरडं करायचं. पौषाच्या थंडीत ओली कोंबडी वेगळ्याच दुखण्याने जाते. शेपटीखाली खोबरेल लावलं. डॉक्टरांनी दिलेलं कॅल्शियमचं औषध चोचीच्या कडेला थेंब थेंब सोडायचं, तिचं तिला गिळू द्यायचं. कोंबडीच्या जिभेमागेच श्वासनलिकेचं तोंड असतं. घाईने ओतलेलं औषध सरळ छातीत जातं. डालग्यात गोणपाट अंथरलं, बाजूला ६० वॅटचा पिवळा बल्ब लावला, वरून जुनं लुगडं टाकलं.

आणि मग काही करायचं नव्हतं. हेच सगळ्यांत अवघड गेलं. दर अर्ध्या तासाला लुगडं उचलून बघावंसं वाटायचं. बघितलं की ती दचकायची, अंग आवळायची. "तुला पोर होताना कुणी सारखं दार उघडलं असतं तर?" आत्या म्हणाल्या. मी लुगडं सोडलं.

दिवसातून तीनदा शेक, तीनदा औषध. मधल्या वेळात फक्त कान. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमाराला डालग्यातून खरडल्याचा आवाज आला, मग एक लांब, घोगरा सूर. मी उठले नाही. पहाटे लुगडं काढलं तेव्हा गोणपाटावर एक अंडं पडलं होतं: वेडंवाकडं, एका बाजूला सुरकुतलेलं, बोट लावलं तर दबेल असं. तांबडी पाण्याच्या वाटीत चोच बुडवून मान वर करत होती. पुन्हा, पुन्हा.

त्यानंतर खुराड्याजवळ शिंपल्यांच्या चुऱ्याची वेगळी वाटी आली. घरातली अंड्यांची टरफलं भाजून, कुटून तिच्यात पडू लागली. तांबडी पुन्हा पहिली उतरायला लागली. मीही मनातून जिंकल्यासारखी झाले.

श्रावणात तिचं पोट खाली आलं. या वेळी हाताला दगड लागला नाही. पाण्याची पिशवी लागावी तसं ढिलं, जड. चालताना ती पाय फाकून ताठ उभी राहायची, दोन पावलांवर धापायची. डॉक्टरांनी सांगितलं, बलक नळीत न जाता पोटात सुटतोय आणि तिथं सडतोय. त्यांनी सुईने पाणी काढलं, तेव्हा चार दिवस ती मोकळी झाली. पोट पुन्हा भरलं. पुन्हा काढलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "आता हे तुमच्या समाधानासाठी होईल, तिच्या नाही."

घरी येऊन मी पुन्हा घमेलं काढलं. कोमट पाणी, पंचा, बल्ब, सगळं मांडलं. आत्या ओट्यावर बसून बघत होत्या. तांबडीने दाणा सोडून दोन दिवस झाले होते. आता खाल्ल्याचं नाटकसुद्धा करत नव्हती.

"मी करू का?" त्या म्हणाल्या.

"आत्या, श्रावण आहे."

"श्रावण खायाचा असतू. तिला तडफडत ठेवायचा न्हाई."

त्यांनी सुरी घेतली नाही. तांबडीला काखेत घेतलं, पहिल्या दिवशी घेतलं होतं तसंच, आणि परसात शेवग्याकडे गेल्या. पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. थोडा वेळ तिच्या मानेवरून हात फिरवत होत्या. मग खांदा एकदाच हलला. पंख फडफडले आणि थांबले. इतकं सफाईने करायला किती कोंबड्या हाताखालून जाव्या लागतात, ते मला विचारावंसं वाटलं नाही. त्याच बोटांनी पौषात अंडं शोधलं होतं.

हातभर खोल खड्डा खणला. खाली चुना, वर चुना, वर दगड. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. आत्यांनी साबणाने हात धुतले आणि मलाही धुवायला लावले. संध्याकाळी त्या जेवल्या नाहीत. सोमवार नव्हता.

आता फळी सरकवल्यावर मी नुसत्या मोजत नाही. कोण कशी उतरते ते बघते. आज चौथी जरा सावकाश उतरली. मी तिला उचललं, शेपटीखाली बोटं लावली. तीन बोटं, आत काही नाही. मग दाण्याची पिशवी बघितली आणि सोडून दिली. ती उकिरड्याकडे पळाली.