पोलिसांचें हलकें चिलखत

चिलखत म्हटलें कीं लोखंडी कड्यांची जाळी डोळ्यांपुढें उभी राहते. १६५९ सालीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं शिवाजी महाराजांनीं अंगरख्याखालीं घातलेलें चिलखत महाराष्ट्रांतील मुलांस लहानपणापासून ठाऊक असतें. आज अमेरिकेंतील गस्तीचा पोलिस सदऱ्याखालीं जें चिलखत घालतो, त्यांत बहुधा लोखंड नसतेंच. तें निव्वळ कापड असतें. पिस्तुलाची गोळी कापडानें अडावी ही गोष्ट ऐकणारास प्रथम खोटी वाटते. ती खरी आहे. मात्र अशा कापडांपैकीं कोणतें अधिक चांगलें, याचा निवाडा तराजूवर होण्याजोगा नाहीं.

ताणलेल्या जाळ्यावर चेंडू आदळला म्हणजे धक्का एका दोऱ्यावर न राहतां साऱ्या जाळ्यांत पसरतो. येथेंही तसेंच घडतें. धागा जितका बळकट व जितका कमी ताणला जाणारा, तितका धक्का झपाट्यानें दूरवर वांटला जातो. गोळी चेपून चपटी होते आणि एकामागून एक थर तिचा वेग गिळतात. हें काम पूर्वीं रेशमाकडून करवून घेण्याचा यत्न झाला. शिकागोंतील कॅसिमिर झेग्लेन या पोलिश धर्मोपदेशकानें १८९७ सालीं रेशमी चिलखताचें पेटंट घेतलें होतें. पण रेशीम पडलें महाग, आणि पुढें पिस्तुलांचा वेगही वाढला.

१९६५ सालीं ड्यू पाँट कंपनींतील रसायनशास्त्रज्ञ स्टेफनी क्वोलेक यांना एक विलक्षण धागा गवसला. सारख्या वजनाच्या पोलादाहून तो सुमारें पांचपट बळकट होता. त्याचेंच नांव पुढें केव्लार पडलें. कंपनीच्या मनांत मोटारींचे टायर होते. पोलिस कोणाच्या ध्यानींमनींही नव्हते. अमेरिकन न्यायखात्यांतील लेस्टर शुबिन यांनीं त्या कापडावर गोळ्या झाडून पाहिल्या, आणि १९७५ सालीं १५ शहरांतील पोलिसांस ५,००० चिलखतें प्रयोगादाखल वांटण्यांत आलीं. थर अवघे सात. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत सिॲटल शहरीं एका दुकानावर दरोडा पडला, आणि तेथें गोळी लागलेला पोलिस त्या चिलखतामुळें वांचला. पूर्वींचीं चिलखतें याहून दणकट होतीं, परंतु तीं दिवसभर अंगावर वागविणें कोणास साधत नसे. आणि दरोडेखोर कांहीं आगाऊ सूचना देऊन येत नाहीं.

आज मुख्य सामना दोन धाग्यांमध्यें आहे. एक केव्लारचा वर्ग, ज्याला अरॅमिड म्हणतात. दुसरा पॉलिएथिलीनचा, म्हणजे ज्या पदार्थाच्या बाजारी पिशव्या होतात त्याचाच, पण अतिदीर्घ रेणूंचा. डायनीमा व स्पेक्ट्रा हीं त्याचीं व्यापारी नांवें. हा धागा इतका हलका कीं पाण्यावर तरंगतो, आणि घामानें वा पावसानें त्याचें कांहीं बिघडत नाहीं. मात्र उष्णतेपुढें तो हळवा आहे: सुमारें १५० अंश सेल्सियसला वितळतो आणि त्याच्या पुष्कळ आधींच शक्ति गमावूं लागतो. उन्हांत उभ्या केलेल्या मोटारींत असें चिलखत टाकून जाणें शहाणपणाचें नव्हे. त्याचे धागे न विणतां समांतर चिकटवितात. त्यामुळें पट्टी कांहींशी ताठ राहते. उलट अरॅमिडचें विणलेलें कापड अंगाबरोबर वळतें व आंच सोसतें. पण भिजलें तर धागे निसरडे होऊन गोळी त्यांतून वाट काढूं शकते, आणि सूर्यप्रकाशानें तें कमकुवत होतें. म्हणून तें जलरोधक, अपारदर्शक खोळींत शिवलेलें असतें. खोळ फाटली कीं चिलखत बदलावें. पुष्कळ कारखानदार हल्लीं दोन्ही धागे एकत्र योजतात.

तुलना करावयाची ती एकाच प्रतीच्या चिलखतांची. अमेरिकेंतील राष्ट्रीय न्यायसंस्थेच्या जुन्या वर्गवारींत दुसरी प्रत ९ मिलिमीटर व .३५७ मॅग्नम या गोळ्यांसाठीं, आणि तिसरी-अ ही .४४ मॅग्नमसाठीं असे. २०२३ च्या नव्या वर्गवारींत त्यांच्या जागीं एचजी-१ व एचजी-२ आल्या. वरची प्रत अधिक जाड व अधिक उबदार. रायफलीची गोळी यांपैकीं कोणतीच अडवीत नाहीं, आणि सुऱ्यासाठीं निराळी परीक्षा आहे. गोळी नुसती अडून भागत नाहीं. चिलखतामागें तेलकट मातीचा ठोकळा ठेवून गोळी झाडतात व त्यांतील खळगा ४४ मिलिमीटरांहून खोल नसावा असा दंडक आहे. नाहींतर कातडी शाबूत राहून आंतील काळीज फुटावयाचें.

गेल्या शतकाच्या अखेरीस जपानी बनावटीचा झायलॉन हा धागा आला, तेव्हां सारेच हरखले. केव्लारपेक्षां दीडपटीहून बळकट. म्हणून चिलखत अधिक पातळ, अधिक हलकें. नव्या कोऱ्या चिलखतानें सर्व परीक्षा पार पाडल्या. जून २००३ मध्यें पेनसिल्व्हानियांतील फॉरेस्ट हिल्स येथें एका पोलिसाच्या अंगावरील झायलॉनचें चिलखत गोळीनें भेदलें व तो गंभीर जखमी झाला. तें चिलखत जुनेंपुराणें नव्हतें. न्यायसंस्थेनें मग वापरांतील १०३ चिलखतें तपासलीं, तों त्यांतील ६० चिलखतांतून निदान एक तरी गोळी आरपार गेली. वरून पाहून चांगलें कोणतें व बिघडलेलें कोणतें हें ओळखतां येईना. ओलावा व प्रकाश यांनीं धाग्याच्या रेणूंचे बंध आंतल्या आंत तुटत होते, आणि हा ओलावा पोलिसाच्या स्वतःच्या घामाचाही असूं शके! ऑगस्ट २००५ मध्यें त्या चिलखतांची मान्यता काढून घेण्यांत आली. धागा बनविणाऱ्या कंपनीनें २०१८ सालीं अमेरिकन सरकारशीं तडजोड करून ६ कोटि ६० लक्ष डॉलर भरले.

२००८ च्या मानकापासून परीक्षेची रीत बदलली. चिलखताचे कांहीं नमुने ६५ अंश उष्णतेंत व ८० टक्के दमट हवेंत दहा दिवस एका फिरत्या पिंपांत घोळसतात. त्या अवधींत पिंपाचे सुमारें ७२,००० फेरे होतात. मग त्या चुरगळलेल्या चिलखतावर गोळी झाडतात.