गिअरबॉक्स तापतो तो घसरणीने, आरपीएमने नव्हे

अमेरिकेत पिकअपमागे ट्रेलर लावून डोंगर चढणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: चढावर आरपीएम वाढू देऊ नका, गाडी वरच्याच गिअरमध्ये राहू द्या, इंजिन ओरडायला लागलं की ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तापून बसतो. ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. आवाज वाढला म्हणजे ताण वाढला, आणि ताण वाढला म्हणजे उष्णता वाढली, असा तो सरळ हिशेब. पण तो नेमका उलटा आहे, आणि उलटा असूनही इतक्या आत्मविश्वासाने सांगितला जातो की चांगले गिअरबॉक्स त्यापायी अकाली जातात. म्हणून उष्णता येते कुठून, हे आधी नीट पाहायला हवं.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यात इंजिनला जोडलेला पंखा तेल फेकतो आणि त्या तेलाच्या माऱ्याने समोरचा, गिअरकडे जाणारा पंखा फिरतो. दोघांमध्ये लोखंडी सांधा नाही, मध्ये फक्त तेल. त्यामुळे गिअरकडचा पंखा इंजिनकडच्यापेक्षा थोडा हळूच फिरतो, ही घसरण. गाडीने वेग धरल्यावर इंजिनची जितके टक्के शक्ती घसरणीत जाते, तितकी सगळी त्या तेलात उष्णता होऊन उतरते. आता आकडे मांडू. पिकअप आणि ट्रेलर मिळून सहा टन वजन, ६ टक्क्यांचा चढ, ताशी ६५ किलोमीटर वेग. नुसतं वजन वर उचलायलाच सुमारे ६४ किलोवॉट लागतात. वारा आणि टायर धरून चाकांपाशी ८५ किलोवॉट लागले आणि कन्व्हर्टर १५ टक्के घसरत असला, तर इंजिनाला १०० किलोवॉट द्यावे लागतील आणि त्यातले १५ तेलात जातील. म्हणजे दोन किलोवॉटचे सात-आठ गीझर दहा लिटर तेलात एकाच वेळी चालू ठेवल्यासारखं झालं. कूलर नसता, तर ढोबळमानाने मिनिटाभरात तेल पन्नासएक अंशांनी चढलं असतं. गिअरच्या दात्यांचं, बेअरिंगचं घर्षण असतंच, पण घसरणीच्या या उष्णतेपुढे ते दुय्यम आहे.

मग प्रश्न एवढाच उरतो की घसरण कधी जास्त होते. चढ तोच आणि वेग तोच असेल तर इंजिनाला द्यायची शक्तीही जवळपास तीच राहते, गिअर कुठलाही असो. बदलतो तो टॉर्क. १०० किलोवॉट मिनिटाला १८०० फेऱ्यांवर द्यायचे तर इंजिनाला सुमारे ५३० न्यूटन-मीटर टॉर्क लावावा लागतो. ३००० फेऱ्यांवर तेच काम ३१८ न्यूटन-मीटरमध्ये होतं. शिवाय कन्व्हर्टरची टॉर्क पेलण्याची ताकद फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: १८०० वरून ३००० वर गेल्यावर ती पावणेतीन पटींहून जास्त होते. म्हणजे खालच्या गिअरमध्ये भार कमी झाला आणि तो पेलणारं तेल अधिक जोमाने फिरू लागलं. घसरण कमी होणारच. वरच्या गिअरमध्ये इंजिन शांतपणे घुमत असतं, कानाला बरं वाटतं, आणि त्याच वेळी कन्व्हर्टरमध्ये तेल भाजून निघत असतं. कानांवर विसंबून गिअरबॉक्सचं तापमान ठरवता येत नाही, हे किती वेळा सांगायचं?

यातला दुसरा आणि अधिक निर्णायक भाग म्हणजे लॉक-अप क्लच. हा क्लच लागला की दोन्ही पंखे एकमेकांना थेट जखडले जातात आणि घसरण संपते. कल्पना नवी नाही. पॅकार्डच्या अल्ट्रामॅटिकमध्ये तो १९४९ सालीच होता, आणि क्रायस्लरने १९७८ पासून इंधन वाचवण्यासाठी तो पुन्हा आणल्यावर तो सर्रास झाला. पण हा क्लच मर्यादित टॉर्क पेलतो. वरच्या गिअरमध्ये चढ लागला, पाय दाबला गेला, की गिअरबॉक्सचा संगणक लॉक-अप सोडतो. गाडी थोडी मंदावते, खालचा गिअर पडतो, वेग येतो, पुन्हा वरचा पडतो, पुन्हा चढाला दमते. या प्रत्येक अदलाबदलीत आतले क्लच घसरतात आणि कन्व्हर्टर मोकळा होतो. चालकाने आपणहून एक-दोन गिअर खाली घेतले, किंवा टो-हॉलचं, म्हणजे मागे भार असल्याचं सांगणारं, बटण दाबलं, तर गिअर ठरतो आणि लॉक-अप टिकतो. हे माझं मत म्हणून सोडून देऊ नये. जीप आणि रॅम गाड्यांच्या मालक-पुस्तिकांत ट्रेलर ओढताना गिअर वारंवार बदलत असेल तर खालचा गिअर निवडा, त्याने उष्णता कमी होते आणि गिअरबॉक्सचं आयुष्य वाढतं, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. पुस्तिका गाडीच्या कप्प्यातच असते.

ओढण्याची क्षमता ठरवणाऱ्या एसएई जे२८०७ या मानकातली चाचणीही पाहण्याजोगी आहे. ॲरिझोनात डेव्हिस धरणापासून युनियन पासकडे जाणारा राज्य मार्ग ६८ सुमारे १८ किलोमीटरमध्ये साधारण नऊशे मीटर चढतो. चढाच्या पायथ्याशी हवा किमान ३८ अंश सेल्सिअस, एसी पूर्ण जोरात, मागे कंपनीने सांगितलेला जास्तीत जास्त भार, आणि वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली जायचा नाही. मागे जोडचाकं असतील तर ५६. या परीक्षेत आरपीएम कमी ठेवल्याबद्दल गुण नाहीत. गाडी खालच्या गिअरमध्ये, चढ्या आवाजात वर जाते आणि काहीही न बिघडता पोचते. ज्यांनी गाडी बनवली तेच तिला त्या आवाजात तपासायला तयार असतील, तर मालकाने त्या आवाजाला भिण्याचं कारण उरत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे: फेऱ्या वाढल्या की तेलाचा पंप, ढवळण आणि इंजिनचं स्वतःचं घर्षण वाढत नाही का? वाढतं. थोडं इंधनही जास्त जातं. पण ही वाढ थोडकी, आणि घसरणीतून वाचलेली उष्णता तिच्या कितीतरी पट. त्याखेरीज त्याच वाढलेल्या फेऱ्यांवर तेलाचा पंप कूलरकडे जास्त तेल ढकलतो, पाण्याचा पंप वेगाने चालतो, इंजिनवर चालणारा रेडिएटरचा पंखा जास्त हवा ओढतो. चढावर वेग कमी असल्याने समोरून येणारी हवा अपुरी पडते तेव्हा याच गोष्टी तारतात. उंचावर तर त्यांची गरज आणखी. कोलोराडोत डिलनपासून आयझेनहॉवर बोगद्याकडे जाणारा ७ टक्क्यांपर्यंतचा चढ ३४०० मीटर उंचीवर संपतो. तिथली विरळ हवा कूलरमधून उष्णताही कमी नेते. दुसरा आक्षेप असा की आठ-दहा गिअरच्या नव्या गाड्या हे सगळं स्वतःच सांभाळतात. बऱ्याच अंशी खरं आहे, पण मागे भार आहे हे त्यांना सांगणारं बटण चालकालाच दाबावं लागतं.

बाकीचे समज थोडक्यात. मोठा कूलर बसवला की झालं, असं नाही. कूलर निर्माण झालेली उष्णता काढतो, घसरण थांबवत नाही. नवा कूलर लावताना रेडिएटरमधला मूळ कूलर काढून टाकण्याची रीत चुकीची आहे: पाणी हवेपेक्षा उष्णता कितीतरी चांगली शोषतं आणि थंडीत तेच तेलाला गरमही करतं, म्हणून नवा कूलर त्याच्या पुढच्या टप्प्यावर जोडावा. ८० अंशांच्या पुढे दर ११ अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं, हा ठोकताळा जुन्या खनिज तेलांचा आहे. आजचे अनेक गिअरबॉक्स थर्मोस्टॅट लावून मुद्दाम ९० अंशांच्या आसपास चालवले जातात, तेव्हा ९५ पाहून घाबरू नये, काटा १२० ओलांडून तिथेच राहू लागला तर मात्र थांबावं. तोही काटा बहुधा तळाच्या तेलाचा असतो. कन्व्हर्टरमधून नुकतं बाहेर पडलेलं तेल त्याहून बरंच गरम असतं. ‘आयुष्यभराचं तेल’ ट्रेलर ओढणाऱ्यांसाठी नसतं, पुस्तिकेतलं खडतर वापराचं वेळापत्रक बघावं. आणि थांबून तेल थंड करताना पार्कमध्ये टाकणं सगळीकडे चालत नाही, कारण काही जुन्या क्रायस्लर गिअरबॉक्समध्ये पार्कमध्ये असताना कूलरकडे तेल जातच नाही. तिथे हँडब्रेक लावून, चाकांना उटी देऊन न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवतात.

महाराष्ट्रात कॅरॅव्हॅन ओढणारे विरळा, पण ऑटोमॅटिक गाड्या घाटात भरपूर दिसतात, आणि अमेरिकन चित्रफितींतला सल्ला इथे सरसकट लावला जातो. टॉर्क कन्व्हर्टरची गाडी असेल तर वरचं सगळं लागू आहे. त्यातही एक गोष्ट सर्वांत वाईट: बोरघाटात रांग लागली असताना ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवर गाडी चढावर धरून ठेवणं. त्या क्षणी कन्व्हर्टरमधला गिअरकडचा पंखा जागचा हलत नाही, म्हणून इंजिनची कन्व्हर्टरला दिलेली सगळी शक्ती तेल तापवण्यातच जाते. २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर आलेल्या आणि आता स्वस्त गाड्यांत सर्वत्र असलेल्या एएमटीचं प्रकरण वेगळं. तिच्यात कन्व्हर्टर नाही, तेलाचा कूलरही नाही; साध्या मॅन्युअल गाडीचा कोरडा क्लच यंत्र दाबतं आणि सोडतं, एवढंच. ॲक्सिलरेटरवर धरलेल्या एएमटीत उष्णता थेट क्लच प्लेटच्या अस्तरात उतरते, आणि घाटात येणारा जळका वास बहुतेकदा तिचाच असतो. रांगेत पाय ब्रेकवर ठेवावा, थांबणं लांबलं तर हँडब्रेक ओढावा, आणि पुढे गाडीभर जागा मोकळी झाल्यावर एकदाच निघावं. दर दोन फुटांना सरकत राहू नये.