आधी आपली ओंजळ, मग देणगी



साखर कारखाना काढायचा म्हटलं की आधी काय लागतं? भागभांडवल. सभासदांनी पदरमोड करून शेअर घ्यायचे, मग शासनाचे भांडवल आणि वित्तसंस्थांचे कर्ज. हे आपणांस कोणी शिकवायला नको. पण गावात वाचनालय काढायचे म्हटले की आपण पहिल्यांदा देणगीदार शोधत निघतो! म्हणून अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या डॅलस शहराची हकिगत येथे देत आहोत.

डॅलस ही त्या काळी कापसाची मोठी पेठ. गावात पैसा खेळत होता, पण सार्वजनिक वाचनालय नव्हते. महिलांची मंडळे मात्र होती. बायका एकत्र जमत, पुस्तके वाचत, त्यांवर बोलत. टेक्सासमधील अशा मंडळांनी १८९७ साली आपला संघ स्थापन केला आणि गावोगावी वाचनालये काढणे हे पहिले काम हाती घेतले.

डॅलसमध्ये १८९९ साली मे डिक्सन एक्झॉल या बाईंच्या पुढाकाराने निधी जमू लागला. शाळाशिक्षकांनी दिले, व्यापाऱ्यांनी दिले. ११,००० डॉलर उभे राहिले. मग बाईंनी पोलाद कारखानदार अँड्र्यू कार्नेगी यांच्याकडे मागणी केली व ५०,००० डॉलर मिळविले. २२ ऑक्टोबर १९०१ रोजी वाचनालय उघडले, तेव्हा आत ९,८५२ पुस्तके होती.

कार्नेगींची रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. ते इमारतीला पैसा देत. जागा गावाने द्यायची आणि दरसालचा खर्चही गावानेच सोसायचा. बरोबरच आहे. इमारत एकदा बांधून होते, पण पुस्तके आणि ग्रंथपालाचा पगार दरसाल लागतो. ज्या बायकांनी हे घडवून आणले, त्यांना तेव्हा मताचा अधिकारही नव्हता. अमेरिकेत स्त्रियांना देशभर तो मिळाला १९२० साली.

एक उणीवही सांगितली पाहिजे. 'सार्वजनिक' म्हणविणाऱ्या या वाचनालयाचे दार कृष्णवर्णीयांना बंद होते. त्यांच्यासाठी डनबार शाखा निघाली ती १९३१ साली. दार कोणाला उघडे आणि कोणाला बंद, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावा लागतो.

इमारतीला नाव लागले कार्नेगींचे. ती इमारत आज उभी नाही, वाचनालय मात्र चालू आहे.

आपल्याकडे १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, मान्यताप्राप्त वाचनालयांना अनुदानाची सोय आहे. पण अनुदान हे वरचं पाणी. विहीर आधी आपणच खणायची असते. उसाचे बिल हाती येईल तेव्हा चार रुपये बाजूला काढा. आणि कारभार गावच्या महिला मंडळाच्या हाती देऊन तर पाहा! घरच्या मीठ-मिरचीचा हिशेब ज्यांनी चुकू दिला नाही, त्या वाचनालयाचाही चुकू देणार नाहीत.